मदत हवी आहे: चष्मा लावून छोटी दुर्बीण नीट कशी वापरायची?

नमस्कार मंडळी. पक्षी बघण्यासाठी ८×२५ ची (८ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं २५ मिमीची) घडीची दुर्बीण घेतली. खिशात मावते, मानेला भार नाही, चित्रही स्वच्छ. पण चष्मा लावून पाहिलं की मधलंच थोडं दिसतं, भोवती काळी कड. आयकप (डोळ्याकडच्या रबरी कडा) खाली दुमडल्यावर जरा फरक पडला, तरी पूर्ण वर्तुळ काही दिसत नाही. माहितीपत्रकात आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा भिंगापासून जास्तीत जास्त जेवढा लांब चालतो ते अंतर) १० मिमी दिलाय. चष्मेवाल्यांना साधारण १५-१६ मिमी तरी लागतो म्हणतात. मग माझ्या पकडण्यात काही चुकतंय, की ही दुर्बीण चष्म्यासाठी नाहीच?

चष्मा काढला तर उणे ३ चा नंबर फोकसच्या चाकाने भरून निघतो, दोन डोळ्यांमधला फरकही डायॉप्टरच्या कड्याने जुळवता येतो. अडतं ते उजव्या डोळ्याच्या दीडच्या सिलिंड्रिकल नंबरापाशी. तो कुठल्याच चाकाने जात नाही, पिसांच्या कडा पसरट दिसतात. शिवाय पक्षी शोधायला चष्मा हवाच. तो काढून दुर्बीण लावेपर्यंत पक्षी उडून जातो, आणि फार हळहळ वाटते.

आणखी एक. २५ भागिले ८, म्हणजे दुर्बिणीतून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम ३ मिमीचा, त्यामुळे डोळा किंचित हलला तरी अंधार. बिजागरी डोळ्यांमधल्या अंतराला जुळवूनही हे होतंच. कुणी चष्म्यासह छोटी दुर्बीण रोज वापरतं का? की वजन सोसून जास्त आय रिलीफची ८×३२ घ्यावी? स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.