ओव्यांच्या पुस्तिकेसाठी जुन्या खिळ्यांच्या वळणाचा फॉन्ट हवा आहे

मिरजकरीण:
आईच्या तोंडून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची घरगुती पुस्तिका करतेय. बाबा छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यांनी आणलेल्या पाठकोऱ्या प्रुफांवर मी अक्षर गिरवलं, त्यामुळे डोळ्यांना तेच वळण सवयीचं. संगणकावर मजकूर लावला तर 'लेक'मधला ल दांडीचा, 'शेला'मधला श गाठीचा. मला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. फुकटचा, छपाईला चालणारा फॉन्ट कुठला?

मांडणीकार:
ताई, 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. गूगल फॉन्ट्सवर आहे. याचं कुळ तुमच्या बाबांच्या खिळ्यांशीच जुळतं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या ठशांवरून साचे करून तिथले खिळे ओतले जायचे, आणि संस्कृत ग्रंथांची छपाई म्हणजे निर्णयसागरची, असं समीकरणच झालं. टिरो त्या वळणावर बेतलाय. जॉन हडसन आणि फियोना रॉस यांचं हे काम आधी हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी या जुन्या भारतीय साहित्याच्या ग्रंथमालेसाठी झालं. म्हणून जोडाक्षरं भरपूर आहेत.

नाव नीट बघून उतरवा. हिंदी, संस्कृत, मराठी असे तीन वेगळे आहेत, तुम्हाला मराठीच हवा. ठळक वजन त्यात नाही, मथळे मोठ्या आकारात लावा. आणि 'वाऱ्यावरी', 'दुसऱ्या' टंकताना नुक्त्याचा ऱ वापरा, नाहीतर रफार येऊन 'वार्यावरी' छापलं जाईल. जात्यावरच्या ओवीत वारा हवाच, म्हणून आधीच सांगतोय.

अक्षरवेडी:
मुखपृष्ठासाठी 'जैनी' बघा. कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितातल्या बोरूच्या वळणावरून केलाय. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा. त्यांचाच 'मोदक' मला फार आवडतो, अक्षरं इतकी फुगलेली की पोटातली पांढरी जागा रेघेएवढी उरते. पण तो ओव्यांना नको, तो बाळाच्या बारशाच्या पत्रिकेला.

मिरजकरीण:
दादा, टिरो उतरवला आणि पहिल्यांदा 'विठ्ठल' लिहून बघितलं. ठच्या खाली ठ, बाबा जुळवायचे तसा! मी काल रात्री उगीचच पानभर विठ्ठल लिहीत बसले.
जैनी सुंदर आहे, पण मुखपृष्ठावर आईचंच अक्षर घ्यायचं ठरलंय. तिसरीपर्यंत शिकलेली, अजून शिरोरेघ आधी ओढते आणि मग तिला अक्षरं टांगते. १२ पॉइंटात छापलेलं तिला दिसेना, १६ वर गेले. ४० पानांची ५६ झाली. वाढूदेत.