मदत हवी आहे: सवय हाताबाहेर गेलीय, समुपदेशन कुठे घ्यावं? (पुणे)

नाव न देता लिहितोय, समजून घ्या. वय ३८, लग्नाला नऊ वर्षं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पॉर्न बघणं, अनोळखी बायकांशी चॅट. दर वेळी ‘आता बास’ म्हणतो, चार दिवसांत पुन्हा तेच. मार्चमध्ये बायकोने फोन पाहिला. तेव्हापासून ती मुलीच्या खोलीत झोपते. भांडत नाही, बोलतच नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

आधी एका ‘गुप्तरोग’वाल्याकडे गेलो. त्याने सहा हजारांची चूर्णं गळ्यात मारली. माझा प्रश्न ताकदीचा नाहीच, हे त्याला ऐकायचंच नव्हतं! नंतर वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत, अनावर लैंगिक वर्तन हा आवेग-नियंत्रणाचा विकार म्हणून नोंदलेला आहे. नुसतं अपराधी वाटणं म्हणजे विकार नव्हे, असंही त्यात आहे. माझं मात्र कामही बिघडलंय.

१४४१६ वर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन केला. मराठीत नीट बोलले, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हणाले.

आधी मानसोपचारतज्ज्ञ की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट? सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा, कुणाला उपयोग झालाय का? बायकोला पहिल्यापासून सोबत न्यावं का? ती ‘तुझं तू निस्तर’ म्हणते. उपदेश नकोत, ते रोज आरशात ऐकतो. मेसेज केलात तरी चालेल.