सी-पॅप सुरू केल्यापासून पहाटे भीतिदायक स्वप्ने पडतात – मदत हवी आहे

गोदाकाठ
झोपेत श्वास अडण्याचा त्रास निघाल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने सी-पॅप यंत्र (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे) सुरू केले आहे. दिवसाची पेंग कमी झाली आणि सकाळची डोकेदुखी थांबली, हे मान्य. परंतु एक नवीच पीडा मागे लागली आहे. कित्येक वर्षे मला स्वप्ने पडत नसत, निदान आठवत तरी नसत. आता मात्र पहाटे इतकी लांबलचक आणि भीतिदायक स्वप्ने पडतात की मी दचकून उठतो, आणि पाहावे तर मास्क उशीशेजारी पडलेला असतो. यंत्र विकणारा 'होईल सवय' एवढेच सांगतो. प्रेशर कमी केल्याने स्वप्ने थांबतील का, एवढेच मला कळायला हवे. कृपया 'वजन कमी करा' हा सल्ला देऊ नये. तो घरी रोज मिळतो.

हिशेबनीस
प्रेशर कमी करावे का असे आपण विचारता, पण ते सध्या किती आहे हेच लिहिलेले नाही. यंत्र ठरावीक दाबाचे आहे की ऑटो, म्हणजे गरजेप्रमाणे दाब बदलणारे? मास्क नाकापुरता आहे की तोंडही झाकणारा? निद्रा तपासणीत एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो वा मंदावतो तो आकडा, किती आला होता? इतर कोणती औषधे चालू आहेत? रात्री मद्य घेता का? एवढे कळल्याशिवाय कोणीही दिलेले उत्तर हा केवळ अंदाज ठरेल.

जुना_घोरणारा
आकडे नंतर येतील, पण स्वप्नांचे कारण सांगता येण्यासारखे आहे. रेम निद्रेत, म्हणजे ज्या अवस्थेत ठळक स्वप्ने पडतात तिच्यात, शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात आणि त्यांत जीभ व घसाही आले. त्यामुळे अनेक रुग्णांचा श्वास नेमका त्याच अवस्थेत सर्वाधिक अडतो, आणि मेंदू त्यांना पुन्हा पुन्हा अर्धवट जागे करून ती झोप मोडत राहतो. यंत्राच्या हवेने घसा उघडा राहू लागला की ही बुडालेली झोप मेंदू भरून काढतो; याला रेम रिबाउंड म्हणतात. रेम निद्रेचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो, म्हणून आपला त्रासही पहाटेचा आहे. माझा हा प्रकार काही आठवड्यांत ओसरला. प्रेशर मनाने कमी कराल तर श्वास पुन्हा अडेल. स्वप्ने कदाचित थांबतीलही, पण झोप मोडल्यामुळे.

शंखध्वनी
यंत्राच्या मागे लागण्यापूर्वी शंख फुंकून पाहावा, असे मी सर्वांना सांगतो. डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य रोज वाजवल्याने रुग्णांचा त्रास कमी झाल्याचा अभ्यास २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. आपल्या घरी देवघरात शंख असताना विजेच्या यंत्राची गुलामी कशाला?

जुना_घोरणारा
तो अभ्यास मीही वाचला आहे. त्यात एकूण २५ जण होते आणि त्यांचा आजार मध्यम स्वरूपाचा होता. यांचा एएचआय अजून आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. शंख आवडीने फुंकावा, पण यंत्र बाजूला ठेवून नव्हे.

मीनाक्षी_ठाणे
आमच्याकडे सासऱ्यांचे यंत्र आहे. हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाच्या पाण्याने टाकीत क्षार साचतात. वीज जात असेल तर इन्व्हर्टरवर किती तास चालेल ते आधी पाहून घ्यावे. हीटर बंद ठेवला तर बॅटरी बरीच जास्त पुरते.

गोदाकाठ
पाण्याबद्दल आणि विजेबद्दल मी विचारले नव्हते, तरी आभार. एएचआय ४१ होता. यंत्र ऑटो आहे, मर्यादा ४ ते २०. मास्क नाकाचा आहे. मद्य घेत नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल चालू आहे. ती गोळी यंत्राच्या सुमारासच सुरू झाली आणि रात्री घेतो. पत्नीचे म्हणणे असे की मी झोपेत हात झटकतो. आता तरी सांगा, कमी करू की नको?

हिशेबनीस
नको. ३० च्या वर एएचआय म्हणजे तीव्र आजार. ४ ते २० ही बहुधा कारखान्यातून आलेली मर्यादा आहे, तुमच्यासाठी बेतलेली नव्हे. झोप लागताना ४ वर अनेकांना हवा अपुरी वाटते, आणि पुढे दाब चढला की सैल बसलेला मास्क गळू लागतो. नाकाचा मास्क असताना तोंड उघडले तरी हवा निसटते. यंत्रात कार्ड असेल तर त्यातील नोंदी ओस्कार या मोफत प्रणालीत उघडा आणि पहाटेच्या तासांत गळती व दाब कसा आहे ते पाहा. ते आलेख घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर किमान दाब बदलण्याचा निर्णय ते लवकर घेऊ शकतील.

मेटोप्रोलोलने काहींना ठळक किंवा वाईट स्वप्ने पडतात, हेही त्यांच्या कानावर घाला. हात झटकण्याचे तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आताच सांगा. स्वप्नातील हालचाली प्रत्यक्षात करणे हा रेम निद्रेचा निराळा विकार असू शकतो; उपचाराविना राहिलेल्या श्वासावरोधातही तसेच दिसू शकते, आणि मास्क निघाल्यावर उरलेली रात्र उपचाराविनाच जाते. तोवर पलंगाच्या कडेची टोकदार वस्तू हलवून ठेवा.

शंखध्वनी
गोळीचाच दोष दिसतो. दोन दिवस बंद करून पाहावी, लगेच कळेल.

हिशेबनीस
असे मुळीच करू नये. ही गोळी अचानक सोडली तर रक्तदाब उसळू शकतो आणि हृदयाला धोका पोहोचू शकतो.

गोदाकाठ
गोळी बंद करत नाही. तीच रात्रीऐवजी सकाळी घेतली तर चालेल का, हे उद्या फोन करून विचारतो. ओस्कार मोबाइलवर चालते का, की संगणकच लागेल?

हिशेबनीस
संगणक लागेल. कार्ड काढण्यापूर्वी यंत्र बंद करा.