पॉलिमरच्या पटलात प्रथिनं: पाणी गाळायला एवढा खटाटोप कशाला?

नाना_केमिकल: पेशीपटलातून पाणी नेणारं प्रथिन म्हणजे अ‍ॅक्वापोरिन. त्याच्या शोधाबद्दल पीटर एग्री यांना २००३ चं नोबेल मिळालं. २००७ मध्ये मनीष कुमार, वोल्फगांग मायर आणि सहकाऱ्यांनी जिवाणूतलं अ‍ॅक्वापोरिन-झेड पॉलिमरच्या पटलात बसवलं आणि त्यातून पाणी ८०० पटींपर्यंत वेगाने जाऊ लागलं. तेव्हापासून 'समुद्र आता स्वस्तात गोड' छाप बातम्यांना ऊत आलाय.

प्रयोग देखणा आहे, वाद नाही. पण ८०० पट कशाच्या? नुसत्या पॉलिमरच्या, ज्यातून पाणी जेमतेम झिरपतं! शिवाय समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब (मिठामुळे गोडं पाणी उलट खाऱ्याकडे ओढलं जातं, ती ओढ) २७ बारच्या आसपास, तो पंपाने मोडावाच लागतो. खाऱ्यातलं निम्मं पाणी गोडं करून काढायचं तर घनमीटरमागे साधारण १ युनिट वीज कुठल्याही पटलाला चुकत नाही. मुंबईत मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या नियोजित प्रकल्पात असलं पटल बसवलं तरी तेच.

मधुरा_जैव: नाना, तुम्ही फक्त विजेचं बिल बघताय. पार्यता, म्हणजे पटलातून पाणी किती सहज जातं ते, तिप्पट झाली तर काय, याचं गणित २०१४ मध्ये मांडलं गेलंय. समुद्राच्या पाण्यात वीज वाचते १५ टक्केच, हे तुमच्या बाजूचं. पण मचूळ पाण्यात ४६ टक्के! तिथे परासरण दाब कमी, म्हणून पटलाचा अडथळाच महाग पडतो. आणि अ‍ॅक्वापोरिनचा गळा सुमारे ३ अँगस्ट्रॉमचा (०.३ नॅनोमीटर), पाण्याचे रेणू एकेरी रांगेत जातात. मीठच काय, प्रोटॉनही अडतो.

डायलिसिसवाला: प्रोटॉन प्रथिनात अडतो हो, पण प्रथिनाच्या कडेने मीठ गळालं तर? प्रथिन जिवाणूच्या पटलातून डिटर्जंटने सोडवायचं, पॉलिमरमध्ये मिसळायचं, मग डिटर्जंट हळूहळू काढून टाकायचा. थोडा जरी उरला तरी पटल गळकं. त्यात प्रथिनाचा तेलकट पट्टा (पाणी टाळणारा, पटलात रुतणारा भाग) ३-४ नॅनोमीटरचा, पॉलिमरचा थर १० च्या घरात. त्या पॉलिमरमधल्या सिलिकॉनच्या साखळ्या लवचीक, म्हणून प्रथिनाभोवती दबून जुळवून घेतात. ताठ पॉलिमर घेतला की संपलं. हे हाताच्या तळव्याएवढ्या तुकड्यावर जमवणं वेगळं आणि प्रकल्पाला लागणारे हजारो चौरस मीटर वेगळे.

मधुरा_जैव: म्हणून तर अख्खं पटल न करता प्रथिन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पॉलिअमाइडच्या (नेहमीच्या गाळण-पटलांतला पॉलिमर) थरात रुजवतात. डेन्मार्कच्या एका कंपनीने अशी पटलं विकायलाही काढली.

नाना_केमिकल: विकू देत. मग पाणी पिशवीतून गेलं की आजूबाजूच्या पॉलिअमाइडमधून, हे कसं ठरवायचं? निष्क्रिय प्रथिन भरलेलं पटल शेजारी चालवून आकडे दाखवा, मग बोलू.