‘हौशी’ टेनिसपटू म्हणजे नेमका कोण?

प्रश्न: ऑस्ट्रेलियन टेनिसपटू रॉड लेव्हरवर लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. १९६२ साली त्याने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चारही स्पर्धा जिंकल्या, तेव्हा तो अमॅच्युअर होता. ‘हौशी’ लिहिलं तर डोळ्यांसमोर येतो रविवारी सकाळी जिमखान्यावर चार चेंडू मारून चहा पिणारा गृहस्थ. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद १: ‘हौशी’च बरोबर. हौशी राज्य नाट्य स्पर्धा असते, म्हणून तिथले नट कच्चे असतात का? पोटासाठी करत नाही तो हौशी.

प्रतिसाद २: मुळात दोन्ही शब्दांची जोडी झकास आहे. अमॅच्युअर हा लॅटिनमधल्या ‘प्रेम करणारा’ या शब्दावरून आला आणि हौस अरबी-फारसी ‘हवस’वरून. हिंदीत हवसचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे; आपल्याकडे ती पैठणी नि डोहाळजेवणात सोज्वळ राहिली. फक्त हौशे-नवशे-गवशे या रांगेत बसवल्यावर तिची टिंगल झाली. तुमची अडचण तिथली.

प्रश्नकर्ता: अर्धं पटलं. पण १९६३ च्या सुरुवातीला लेव्हर व्यावसायिक झाला आणि त्याच चार स्पर्धांची दारं त्याला बंद झाली, कारण तिथे तेव्हा फक्त अमॅच्युअरनाच प्रवेश होता. रॅकेट तीच, डावा हात तोच, आणि ओळीने पाच विम्बल्डन हुकली. १९६८ मध्ये विम्बल्डन सगळ्यांना खुलं झालं तेव्हा टोनी रोशला हरवून त्याने ते जिंकलं, वर २,००० पौंडांचं बक्षीस. १९६९ ला पुन्हा चारही! म्हणजे हा शब्द खेळाबद्दल नाहीच, पावतीबद्दल आहे. हौसेला मोल नाही म्हणतात ना. इथे मोल घेतलं की हौस बाद.

प्रतिसाद ३: त्यातही गंमत अशी की ‘खर्चा’च्या नावाखाली अनेक अमॅच्युअरना गुपचूप पाकिटं मिळत. इंग्रजीत अशांना शॅमॅच्युअर म्हणत. ‘बेगडी हौशी’ कसं वाटतं? आपल्या कबड्डीतही महासंघाच्या नावात ‘हौशी’, आणि खेळाडू खेळाच्या जोरावर रेल्वेत नाहीतर पोलिसांत नोकरीला.

प्रतिसाद ४: बेगडी हौशी आवडलं. ‘धंदेवाईक’ मात्र टाळा, आता शिवीच वाटते.

प्रश्नकर्ता: मग पहिल्यांदा लिहितो, ‘अमॅच्युअर, म्हणजे बक्षिसाचे पैसे न घेण्याच्या अटीवर खेळणारा’. पुढे नुसतं हौशी. छापताना कुणी त्याचं ‘शौकीन’ केलं नाही म्हणजे मिळवली.