मदत हवी आहे: लिटा रोझाची टेड हीथ बँडबरोबरची गाणी

नमस्कार मंडळी,

लिटा रोझा या ब्रिटिश गायिकेवर एक लेख लिहिते आहे. जन्म १९२६, लिव्हरपूल. १९५० मध्ये ती ब्रिटिश बँडप्रमुख टेड हीथच्या बँडमध्ये आली आणि डिकी व्हॅलेंटाइन, डेनिस लोटिस या गायकांच्या जोडीने गाऊ लागली. १९५४ मध्ये बँड सोडून स्वतंत्र झाली.

तिचं नाव निघालं की लोक दुकानाच्या काचेतल्या कुत्र्याच्या पिल्लाचं गाणं आठवतात. मूळ गाणं अमेरिकेच्या पॅटी पेजचं. लिटाची रेकॉर्ड एप्रिल १९५३ मध्ये ब्रिटनच्या रेकॉर्ड-विक्रीच्या यादीत पहिली आली. तिथवर पोहोचलेली ती पहिली ब्रिटिश गायिका! पण तिला स्वतःला ते गाणं मुळीच आवडत नव्हतं. एकदाच गायली आणि पुन्हा गायचं नाही असं ठरवून टाकलं. मला ते पटतं. संथ प्रेमगीतांत तिचा आवाज कितीतरी खोल लागतो, आणि मागे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा एवढा मोठा ताफा असूनही ती कधी ओरडत नाही.

म्हणून विचारते: बँडबरोबरची तिची कुठली गाणी आधी ऐकावीत? कुणाकडे डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील तर लेबलचा फोटो टाकाल का? बँडची गाणी आणि तिची स्वतंत्र गाणी मला वेगळी लावायची आहेत. घरातल्या कुणी ज्येष्ठांनी रेडिओ सिलोनवर तिला ऐकलं असेल तर तेही जरूर कळवा.