नाकाचं दुसरं ऑपरेशन: बरगडीचं कार्टिलेज घ्यायचं का?

मृण्मयी_के
वाकडं नाक आणि श्वासाचा त्रास म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. आता नाकाचा मधला भाग बसलाय आणि जोरात श्वास घेतला की डावी नाकपुडी आत ओढली जाते. नवीन सर्जन म्हणतात नाकातल्या पडद्याचं कार्टिलेज (कूर्चा) पहिल्याच वेळी वापरून संपलंय, आता बरगडीचं घ्यावं लागेल. आई म्हणते नाकासाठी छाती कशाला कापून घेतेस. त्यात मला कान टोचल्यावर केलॉईड (जखमेच्या बाहेर वाढत जाणारा जाड व्रण) आलं होतं. कानाचं कार्टिलेज नाही का चालत??

सातारी_कंदी
माझं बरगडीचंच झालंय. खरं सांगू, नाकापेक्षा छाती जास्त दुखली, शिंक आली की सगळे देव आठवायचे. व्रण स्तनाखालच्या घडीत आहे, मी दाखवल्याशिवाय कुणाला कळत नाही. पण मला केलॉईडची हिस्ट्री नाही, त्यामुळे माझ्यावरून ठरवू नकोस.

रात्रपाळी_ईएनटी
कानाचं कार्टिलेज मऊ आणि मुळातच वळलेलं असतं, नाकपुडीला किंवा शेंड्याला आधार द्यायला मस्त, पण बसलेला मधला भाग उचलून धरायला बहुतेक वेळा कमी पडतं. बरगडी मजबूत, पण तिची खोड अशी की कोरलेला तुकडा नंतर वाकू शकतो, म्हणून गाभ्यातला भाग दोन्हीकडून सारखा कोरून घेतात. तुमचे सर्जन हे कसं करतात ते विचाराच, आणि फुप्फुसाच्या आवरणाला धक्का लागायचा धोकाही विचारा, क्वचित होतं पण होतं.
केलॉईडचं आधी सांगा, फॉर्मवर नुसती टिक नको. कान आणि छाती दोन्ही केलॉईडच्या आवडत्या जागा, नाकावर ते फार कमी दिसतं. म्हणजे कानाचं घेतलं तरी ती भीती टळत नाही.

मृण्मयी_के
अरे बापरे, कानाचा हा मुद्दा कुणी बोललंच नव्हतं. आणि आत जो जुना व्रण झालाय त्याचं काय? शेंड्याच्या वर कडक लागतं.

रात्रपाळी_ईएनटी
तीच रिव्हिजनची, म्हणजे दुसऱ्यांदा ऑपरेशन करण्याची, खरी डोकेदुखी. कातडी आत चिकटलेली असते, सोडवताना रक्तपुरवठा सांभाळावा लागतो. म्हणूनच साधारण वर्षभर थांबायला सांगतात, तुमचं ते झालंय. नुसती सूज किंवा व्रण असेल तर कधीकधी स्टिरॉइडच्या इंजेक्शननं बसतो, पण जास्त झालं तर कातडी पातळ होऊन खड्डा पडतो. पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स मिळवा, काय काढलं काय ठेवलं ते त्यातच असतं.

सातारी_कंदी
नोट्स लेखी अर्ज देऊन माग, तोंडी मागितल्या तर उद्या या म्हणत बसतात.